डावीकडची सीट

चाकणच्या चौकात सिग्नल लागला की समोर विश्वजितचे हात दिसायचे. वीस फूट रुंद फलकावर, स्टिअरिंग हलकेच धरलेले, मनगटाशी जरासे वाकलेले, आणि खाली मोठ्या अक्षरांत : ‘उस्तादाचे हात, आता प्रत्येक चपळामध्ये.’ तृप्ती इंगवले रोज कंपनीत जाताना त्या हातांखाली चार मिनिटं अडकायची आणि रोज तिचं डोकं फिरायचं. हेच हात घरी रिकामी बाटली भरून फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, हे जाहिरातवाल्यांना कोणी सांगावं?

नवरा म्हणून विश्वजित वाईट नव्हता. कोल्हापूरचा, दिलदार, हसरा, आणि गाडी चालवायला बसला की पाहत राहावं असा. बावीस वर्षं तो कंपनीच्या चाचणी ट्रॅकवर नव्या गाड्या चालवत होता, आणि बावीस वर्षं तृप्ती त्याच्या शेजारी, डावीकडच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन मोजमापं टिपत होती. लग्नसुद्धा त्याच गाड्यांमध्ये बसून जमलं. पण हल्ली त्याला कॉलेजांत भाषणांना बोलावत होते, आणि ‘गाडी हातांनी नाही, काळजानं चालवायची असते’ असली वाक्यं तो जेवतानाही टाकू लागला होता. तृप्तीला ती वाक्यं भातातल्या खड्यासारखी दाताखाली यायची.

चपळा ही काही शर्यतीची गाडी नव्हे. बँकेतला अधिकारी, दवाखाना नुकता थाटलेला डेंटिस्ट, पहिली बढती मिळालेली मुलगी, अशा लोकांनी घ्यायची छोटी, लालभडक, जरा तोऱ्यातली विजेवरची गाडी. आठवडाभर ऑफिसला जायचं आणि रविवारी घाटात हौस भागवायची.

अशा गाडीत मोटर पुढच्या चाकांना जोडलेली असते. म्हणजे पुढच्या टायरांना दोन कामं, ओढायचं आणि वळायचं. रबराची पकड मात्र मोजकीच असते. वळणात वेग जास्त झाला की ती पुरत नाही, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी आपली सरळ, वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकत राहते. याला अंडरस्टीअर म्हणतात. घाबरलेला माणूस अशा वेळी स्टिअरिंग आणखी फिरवतो. जो टायर आधीच थकलाय त्याच्याकडे आणखी मागणं झालं ते. उपाय साधा आहे : ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद सैल करायचा. वजन पुढच्या चाकांवर येतं आणि रबर पुन्हा रस्ता धरतं. फक्त हे वेळेत करावं लागतं, आणि ती वेळ असते अर्धा सेकंद.

इथेच ‘हस्त’ आलं. नव्या गाड्यांत स्टिअरिंग आणि चाकं यांना जोडणारा लोखंडी दांडा उरलाच नव्हता, नुसती तार होती. तुम्ही स्टिअरिंग फिरवलंत की ती इच्छा संगणकाकडे जायची, आणि चाकं किती वळवायची, मोटरची ताकद किती कमी करायची, हे संगणक ठरवायचा. तुमच्या तळहाताला जे जाणवायचं तेही त्यानंच तयार केलेलं. ग्राहकांना स्टिअरिंगची कुरकुर आवडत नाही म्हणून कंपनीनं ते एकजात मऊ ठेवलं होतं, आणि टायरांत फोम भरून त्यांचा आवाजही गिळून टाकला होता. मग संगणकाला अक्कल कुठली? तर विश्वजितची. सहा वर्षं ट्रॅकवर, दांडा असलेल्या जुन्या गाडीत, त्याचे हात आणि पाय सेकंदाला हजार वेळा नोंदले गेले, आणि त्यावरून यंत्र शिकलं. वळणात तुम्ही गडबडलात, तर विश्वजितनं जे केलं असतं ते ‘हस्त’ करणार.

बाजारात आल्यावर चार महिन्यांत तीन चपळा घाटात वळण सोडून कठड्यावर आदळल्या. कंपनीच्या अहवालात तिन्ही वेळा एकच शेरा होता : चालकाचा अतिआत्मविश्वास.

“बरोबरच हाय की,” विश्वजित भाकरी मोडत म्हणाला. “लोकांना वाटतं गाडीत उस्ताद हाय, मग आपण डोळं मिटलं तरी चालतंय.”

“तिसरी बाई पंचेचाळीसच्या वेगात होती, विश्वा. पंचेचाळीस! तेवढ्यात तर रिक्षासुद्धा वळते.”

“मग स्टिअरिंग उशिरा फिरवलं असंल.”

“तू वाचलायस का अहवाल?”

त्यानं वाचला नव्हता. उद्या त्याचं सांगलीत भाषण होतं. तृप्तीनं आमटीची वाटी जरा जोरातच ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिनं सरळ त्या बाईंनाच फोन लावला. मेघना तांबट, कणकवलीत औषधांचं दुकान, करूळ घाटात अपघात, मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं.

“कंपनीतून बोलताय? म्हणजे परत माझीच चूक सांगणार ना?” पलीकडून थकलेला आवाज आला.

“नाही हो. मला फक्त एक विचारायचंय. वळणात तुमच्या हाताला काय जाणवलं?”

“तेच तर सांगतेय सगळ्यांना, कोण ऐकत नाही. काही म्हणजे काहीच जाणवलं नाही. स्टिअरिंग फिरवत होते, ते आपलं लोण्यासारखं फिरत होतं. आवाज नाही, धक्का नाही. मला वाटलं वळतेय गाडी. आणि बघते तर समोर कठडा. माझ्या शेजारी माझी आई होती, ताई. तिला काही झालं नाही म्हणून मी आज तुमच्याशी नीट बोलतेय.”

तृप्तीनं फोन ठेवला आणि तिन्ही गाड्यांच्या नोंदी उघडल्या. तिन्हींमध्ये ‘हस्त’नं मोटरची ताकद कमी केली होती, पण सहा दशांश सेकंद उशिरा. तिन्ही वळणं पुढे आवळत जाणारी होती. आणि तिन्ही उजवी होती.

उजवी का? हा प्रश्न तिला दोन दिवस छळत राहिला. मग तिनं विश्वजितच्या सहा वर्षांच्या नोंदी काढल्या. डाव्या वळणांत सगळं सरळ होतं : पकड सुटत आली की आधी स्टिअरिंग हलकं पडायचं, मग त्याचा पाय सैल व्हायचा. उजव्या वळणांत मात्र त्याचा पाय स्टिअरिंग हलकं पडायच्या आधीच सैल झालेला. प्रत्येक वेळी. कुठल्याही सेन्सरवर काहीही दिसत नसताना. सॉफ्टवेअरवाल्यांनी त्या जागी मोठ्या आदरानं लिहून ठेवलं होतं : अंतःप्रेरणा.

“अंतःप्रेरणा म्हणे!” तृप्ती रिकाम्या खोलीत मोठ्यांदा म्हणाली. घरात पावसाचं पाणी खिडकीतून आत आलं तरी ज्याला पत्ता लागत नाही, त्याला अंतःप्रेरणा?

सहा वर्षांत फक्त अकरा दिवस असे निघाले की उजव्या वळणांतही पाय उशिरा सुटला होता. थेट सहा दशांश सेकंद. त्या अकरा दिवसांच्या नोंदी ‘चालक अस्वस्थ’ म्हणून बाजूला काढून ठेवलेल्या होत्या. तृप्तीनं तारखा पाहिल्या. ते दिवस तिच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनचे होते. बायकोच्या काळजीनं उस्तादांचं लक्ष लागत नाही, असं तेव्हा सगळे म्हणाले होते, आणि हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या तिला नवऱ्याचं केवढं कौतुक वाटलं होतं! काळजी-बिळजी काही नव्हती. ती त्याच्या शेजारी नव्हती, एवढंच होतं.

उजव्या वळणात गाडीचं सगळं वजन डाव्या बाजूच्या पुढच्या टायरवर येतं. तो टायर चालकापासून लांब असतो आणि डावीकडे बसलेल्या माणसाच्या अगदी तळपायाखाली. तृप्ती चाचणीच्या वेळी बूट काढून बसायची. सुरक्षा विभागानं त्याबद्दल तिला दोनदा लेखी समजही दिली होती, पण बुटांत तिचे पाय शिजायचे. टायर किंचाळायच्या बराच आधी रबर रस्त्यावर खरवडायला लागतं, आणि ती खरवड तिच्या तळव्यांना कळायची. मग लॅपटॉपमधून मान वर न करता, ‘मीठ दे’ म्हणावं तसं, ती म्हणायची, “सोड.” आणि विश्वजितचा पाय सैल व्हायचा.

यंत्राला हा आवाज कधी ऐकूच गेला नव्हता. पाय का सुटतो हे त्याला कळलं नाही, तेव्हा त्यानं घोकंपट्टीवाल्या मुलासारखं ट्रॅकवरचं प्रत्येक वळण पाठ केलं. ट्रॅकवर त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. घाटातलं अनोळखी वळण आलं की ते बिचारं वाट पाहत बसायचं, कशाची ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आणि आवाज का गेला नव्हता ऐकू? गाडीत माइक होता. सहा वर्षांचा आवाज नोंदलेला होता. तो पुसायला लावला होता स्वतः तृप्तीनं. कारण त्या आवाजात ‘सोड’च्या आगेमागे सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, दिराच्या फ्लॅटवरून झालेली भांडणं होती, ‘तुझ्या आईनं मला असं म्हटलं’ होतं आणि त्यावर विश्वजितची खास कोल्हापुरी उत्तरं होती. सॉफ्टवेअरच्या तीस पोरांनी ते ऐकावं? तिनं तातडीनं पत्र दिलं होतं : खासगी संभाषण, कायमचे पुसावे. खाली ठसठशीत सही. ते पत्र आठवलं तेव्हा तिला स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

विश्वजितला सांगायला तिनं रविवार सकाळ निवडली, तो चहा पिऊन खुशीत असताना. त्याचा काही उपयोग झाला नाही.

“म्हणजे मला गाडी चालवता येत न्हाई, असं म्हणायचंय तुला?”

“मी असं कुठं म्हटलं? तुझ्यासारखी कोणी चालवत नाही. पण उजव्या वळणात पाय कधी सोडायचा, ते मी सांगत होते.”

“तू कधी सांगितलंस?”

“प्रत्येक वळणात! बावीस वर्षं! ‘सोड’ म्हणायचे ना मी?”

तो खरोखर आठवायला लागला. कपाळाला आठ्या घालून, छताकडे बघत. “तू लई काय काय बोलायचीस. गाडी चालवताना माझं कुठं लक्ष असायचं त्यात?”

“लक्ष नव्हतं, मग पाय कुणी उचलला?”

“मी उचलला! माझा पाय हाय तो!”

आणि वैताग याचाच होता की तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. तिचं बोलणं त्याच्या कानातून थेट पायात जात होतं आणि वाटेत डोक्याला हाक मारत नव्हतं.

“तुला माझं नाव झालेलं बघवंना,” तो शेवटी म्हणाला आणि उठून गेला. तृप्तीला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संताप. तीन दिवस दोघं एकमेकांशी भाजी काय आणायची एवढंच बोलली.

सौमित्र कानिटकर हा त्यांच्या विभागाचा प्रमुख. दोघांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, अतिशय सभ्य, आणि त्याच्या सभ्यपणावर डोकं आपटून घ्यावंसं वाटे.

“तृप्तीताई, तुमच्या भावना मी समजू शकतो,” सगळं ऐकून तो म्हणाला.

“भावना नाहीत त्या. आकडे आहेत. हे बघ, अकरा दिवस.”

“अकरा दिवसांवरून सहा वर्षं खोटी कशी ठरवायची? आवाज असता तर गोष्ट वेगळी होती. तो तर तुम्हीच...”

“माहीत आहे मीच. पुढचं बोल.”

“सोमवारी आणखी चाळीस हजार गाड्यांत ‘हस्त’ सुरू होतंय. वरच्या लोकांना मी काय सांगू? की उस्तादांची बायको म्हणते, उस्ताद मीच आहे?”

तृप्तीनं एक मोठा श्वास घेतला. “शनिवारी ट्रॅक मला दे. नोंदी केल्या तीच जुनी गाडी, तोच चालक, तेच सात नंबरचं उजवं वळण, तोच चौऱ्याहत्तरचा वेग. शेजारी मीच बसेन. फक्त तोंड उघडणार नाही. गाडी वळली तर मी राजीनामा देते.”

सौमित्रला हा विषय एकदाचा मिटवायचा होता. तो हो म्हणाला. विश्वजितला तर चेव चढला. “डोळं बांधून वळवतो,” तो म्हणाला.

शनिवारी सकाळी ट्रॅक कोरडा खडखडीत होता. ट्रॅकशेजारच्या मनोऱ्यात सौमित्र आणि दोन-चार अधिकारी बसले होते. गाडीतलं सगळं बोलणं त्यांना रेडिओवरून ऐकू जाणार होतं. तृप्तीनं सीटबेल्ट लावला, बूट काढून मागे टाकले आणि तळवे जमिनीला टेकवले.

पहिल्या फेरीत विश्वजितनं सातव्या वळणाच्या खूप आधी वेग उतरवला. दुसऱ्या फेरीत तेच. लग्नाच्या वरातीत चालवावी तशी गाडी चालली होती. तृप्तीच्या ओठांवर आलेलं सगळं तिनं मोठ्या कष्टानं गिळलं.

“इंगवले सर,” रेडिओवर सौमित्रचा आवाज आला, “चौऱ्याहत्तर ठरलंय. नोंदी तेवढ्यावर झाल्यात.”

“ठाऊक हाय,” विश्वजित करवादला आणि त्यानं पाय दाबला.

तिसऱ्या फेरीत गाडी चौऱ्याहत्तरला सातव्या वळणात शिरली. आणि काय सुंदर शिरली! हात तेच, शांत, मनगटाशी जरासे वाकलेले. इतक्या चिडीतही तृप्तीला क्षणभर त्याचा अभिमान वाटला. वळण आवळायला लागलं. तिच्या डाव्या तळव्याखाली खरवड सुरू झाली, आधी बारीक, मग भरड. सगळं अंग तिला म्हणत होतं, बोल. तिनं खालचा ओठ दातांत धरला. विश्वजितचा पाय तसाच होता. त्याचे हात आणखी वळले, जसे मेघना तांबटचे वळले असतील. स्टिअरिंग हलकं पडलं, टायर किंचाळला, आता त्याचा पाय सुटला, पण गाडी सरळच निघाली. नारिंगी शंकू दाणदाण उडाले. तृप्तीच्या बाजूचं चाक आधी ट्रॅकबाहेरच्या वाळूत घुसलं, मग अख्खी गाडी हेलकावत आत गेली आणि धूळ उडवत थांबली.

विश्वजित गर्रकन तिच्याकडे वळला. चेहरा पांढराफटक.

“आगं, बोलली का न्हाईस?” तो ओरडला.

त्याचं वाक्य त्यालाच ऐकू आलं तेव्हा त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. तृप्तीच्या ओठातून रक्त येत होतं. तिनं ते हाताच्या पाठीनं पुसलं.

रेडिओवर सौमित्र खाकरला. “सर, लागलं नाही ना कुणाला? मला वाटतं, वळणात थोडी वाळू आली असावी. तसं लिहून टाकू का? सोमवारचं मग काही अडायला नको.”

वाट मोकळी होती. ‘व्हय’ एवढं म्हटलं की फलकावरचे हात फलकावरच राहणार होते. तृप्तीला खूप काही बोलता आलं असतं, पण ती आत्ताही गप्प बसली. हे त्याचं त्यालाच म्हणू दे, असं तिला फार कळकळीनं वाटलं.

विश्वजितनं रेडिओचा माइक उचलला. “ट्रॅक कोरडा हाय, कानिटकर. वाळू-बिळू काय न्हाई. सोमवारचं काम थांबवा. आणि ज्या गाड्या रस्त्यावर हायत, त्यांच्यातलं ‘हस्त’ आजच बंद करा, वेगावर मर्यादा घाला. संध्याकाळची वाट बघू नका.”

“सर, पण चालक म्हणून नाव तुमचं आहे. जगभर—”

“नाव चुकलंय. मी एकटा गाडी चालवतच नव्हतो.”

बावीस वर्षं तृप्तीनं या वाक्याची वाट पाहिली होती, निदान तिला तसं वाटत होतं. आता ते ऐकल्यावर बरं वाटायच्या ऐवजी तिला स्वतःची ती ठसठशीत सही आठवली. तिनं त्याच्या हातातून माइक ओढून घेतला.

“आणि सौमित्र, आवाज पुसायला मी लावला. माझी सही आहे. तेही अहवालात लिही, आणि तांबट बाईंना फोन मी करणार, तुमच्या वकिलानं नाही.”

तिनं रेडिओ बंद केला. बाहेर धूळ खाली बसत होती. विश्वजित दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिला. मग त्यानं अगदी हळू विचारलं, “आणखी काय काय ऐकलं न्हाई मी?”

“यादी मोठी आहे,” तृप्ती म्हणाली. “आधी खाली उतर.”